हॉटेलात विचारायला वेटर असतो, कागदावर कोणी नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मेन्यूकार्डांवरच्या इंग्लिश स्पेलिंगच्या चुकांचे फोटो आले होते, चिकनचं किचन झालेलं, फ्राइडचं फ्रायडे झालेलं वगैरे. आमच्या दुकानात दोन दिवस येणारा प्रत्येक जण मोबाइल पुढे करून तेच दाखवत होता. मला काही ते बघून हसू आलं नाही, आणि का नाही आलं तेच सांगायला हे पत्र लिहितेय. पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, पण मुद्दा तेवढा ठेवा.

आमचं लालबागला झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, यंदा १९ वर्षं होतील. खानावळींची मेन्यूकार्डं, केटरर लोकांचे रेट, लग्नाचे बायोडेटा, व्हिसाचे फॉर्म, बोटीवर जाणाऱ्या पोरांचे सीव्ही, गावाकडे होमस्टे काढलेल्यांच्या जाहिराती, सगळं आमच्याकडे टाइप होतं आणि त्यातल्या अर्ध्या कागदांवर कुठे ना कुठे खाण्याचा विषय येतोच. स्पेलिंग चुकलं तर वाचणारा हसतो आणि सोडून देतो, कारण काय म्हणायचं होतं ते त्याला कळलेलं असतं. खरा घोळ होतो तो स्पेलिंग एकदम करेक्ट असतं आणि अर्थ भलताच निघतो तिथे. हॉटेलात बसल्यावर वेटर असतो, दादा यात अंडं आहे का विचारलं की तो सांगतो. कागदाला उलटं विचारता येत नाही, जे लिहिलं तेच ताटात येतं.

माझ्या बहिणीची मुलगी दोन वर्षांपूर्वी शिकायला इंग्लंडला गेली. आमच्या घरात मटण, चिकन, मासे सगळं होतं, बीफ आणि पोर्क मात्र नाही. हॉस्टेलच्या फॉर्मवर खाण्याबद्दल विचारलेलं, तिथे तिने लिहिलं, आय अ‍ॅम नॉनव्हेज. आपल्याला वाचताना काही खटकत नाही, पण नॉनव्हेज हा आपल्याकडचा शब्द आहे, तिकडे माणूस मांस खातो हे धरूनच चालतात आणि जो खात नाही तो तसं सांगतो. त्यामुळे तिने जे लिहायला हवं होतं, की बीफ आणि पोर्क नको, तेच नेमकं राहून गेलं. पहिल्याच आठवड्यात नाश्त्याच्या यादीत तिने ब्लॅक पुडिंग वाचलं. आपल्याकडे पुडिंग म्हटलं की कॅरॅमल पुडिंग नाहीतर ब्रेड पुडिंग, तिने घेतलं आणि दोन घास खाल्ले. ते डुकराच्या रक्ताचं आणि चरबीचं असतं. रात्री फोनवर रडत होती, "मावशी, पुडिंग म्हणजे गोडच ना गं?" मला काय बोलावं सुचेना. आपण पोरांना १० वर्षं इंग्लिश शिकवतो, पावसाळ्यावर आणि माझ्या आवडत्या नेत्यावर निबंध लिहून घेतो, पण मी काय खाते आणि काय खात नाही हे एक धड वाक्य त्यांना कोणी शिकवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नंतर मी तिला लिहून पाठवलं ते असं, आय ईट चिकन, लॅम्ब अँड फिश, बट आय डोन्ट ईट बीफ ऑर पोर्क. बस एवढंच. स्वतःला नॉनव्हेज म्हणायचं नाही, कारण नॉनव्हेज जेवण असतं, माणूस नाही. अगदीच म्हणायचं तर नॉन-व्हेजिटेरियन म्हणा, भारतात ते चालतंय आणि त्यात काही कमीपणा नाही, आपल्याकडे पाकिटांवरच्या खुणेचा सरकारी नियमसुद्धा व्हेज-नॉनव्हेज याच भाषेत आहे, हिरवा ठिपका व्हेजचा आणि तपकिरी खूण नॉनव्हेजची. त्या नियमात अंडं नॉनव्हेजमध्ये येतं आणि दूध येत नाही. पण देशाबाहेर जाणाऱ्या कागदावर प्राण्याचं नाव घालून लिहिलेलं बरं. आणि हो, नॉनव्हेज जोक हे तर बाहेरच्या माणसाला कळतच नाही, त्याला वाटतं मटणावरचा विनोद सांगणार आहेत.

आपली वाक्यं चुकतात कारण ती डोक्यात मराठीत तयार होतात. "आमच्यात चालतं" हे किती छान वाक्य आहे, त्यात घर, नातेवाईक, देव्हारा सगळं येतं, पण त्याचं इंग्लिश करताना लोक इट इज अलाउड इन अस असं काहीतरी लिहितात. वी ईट मीट अ‍ॅट होम लिहा, झालं. तसंच "मी नॉनव्हेज सोडलं" याचं आय लेफ्ट नॉनव्हेज होतं. लेफ्ट म्हणजे ताटात टाकून उठलो. कायमचं सोडलं असेल तर आय गेव्ह अप मीट, नाहीतर आय स्टॉप्ड ईटिंग मीट. श्रावणापुरतं असेल तर आय डोन्ट ईट मीट इन श्रावण, तिथे आय अ‍ॅम नॉट ईटिंग लिहिलं तर सध्या खात नाही एवढाच अर्थ होतो, आणि वर्षानुवर्षं पाळणाऱ्या माणसाने ते लिहिलं की त्याचं पाळणं कागदावर चार दिवसांचं होऊन जातं. गेल्या श्रावणात एका मुलाचा ऑफिसच्या पार्टीसाठीचा मेल मी टाइप केला, त्याने टुडे इज माय फास्ट लिहिलेलं, मी आय अ‍ॅम फास्टिंग टुडे केलं. त्याला पटेना, म्हणाला ताई तेच तर आहे. म्हटलं तेच आहे रे, पण तुझ्या साहेबाला एका वाचनात कळायला पाहिजे.

आता चिकनचं. मला सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावी लागणारी चूक हीच आहे आणि त्यामागचं कारण कळलं की परत होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. इंग्लिशमध्ये गोठ्यातल्या प्राण्याला एक नाव आणि ताटातल्या मांसाला दुसरं, काऊ आणि बीफ, पिग आणि पोर्क, शीप आणि मटन, काफ आणि व्हील, डियर आणि व्हेनिसन. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, वरच्या लोकांची भाषा फ्रेंच झाली, प्राणी पाळणारा शेतकरी इंग्लिश बोलत राहिला. त्यामुळे गोठ्यातली नावं इंग्लिश राहिली आणि ताटातली फ्रेंचमधून आली. मटन हा शब्दसुद्धा मेंढीसाठीच्या फ्रेंच शब्दावरून आलाय. हे मला कॉलेजात आमच्या मॅडमनी सांगितलेलं आणि आज एवढ्या वर्षांनी रोजच्या धंद्यात कामाला येतंय. पण कोंबडी आणि मासा यांची नावं इंग्लिशमध्येही वेगळी झाली नाहीत, चिकन म्हणजे अंगणातलीही आणि रश्श्यातलीही, जशी आपली कोंबडी, खुराड्यात पण तीच आणि वड्यांबरोबर पण तीच. मग फरक कशाने कळणार, तर आधीच्या ए ने आणि शेवटच्या एस ने. आय एट चिकन म्हणजे चिकन खाल्लं. आय एट अ चिकन म्हणजे अख्खी कोंबडी एकट्याने संपवली. आय लाइक चिकन म्हणजे खायला आवडतं, आय लाइक चिकन्स म्हणजे कोंबड्या आवडतात, पाळायला. मराठीत ए नाही आणि द नाही, म्हणून आपला माणूस कधी घालतो कधी विसरतो, तो निष्काळजी असतो असं नाही, त्याच्या भाषेत ती गरजच नाही.

सिंधुदुर्गातला एक होमस्टेवाला दरवर्षी गणपतीनंतर मुंबईला आला की माझ्याकडून जाहिरात करून घेतो. त्याने आधी दुसरीकडून करून घेतलेली, त्यात होतं, वी सर्व्ह फ्रेश चिकन्स अँड गोट्स. त्याचा अर्थ जिवंत जनावरं पुढ्यात ठेवतो असा होतो. एका परदेशी बाईंनी चौकशी करून बुकिंगच केलं नाही आणि बिचाऱ्याला कळलं नाही का. त्याच्या बायकोच्या हातची कोंबडी खाऊन बघा एकदा, वाटपाचा वास घरभर सुटतो. मी वी सर्व्ह मालवणी चिकन करी अँड गोट करी केलं. मटन करी का नाही असं तो म्हणाला. म्हटलं दादा, आपण बोकडाला मटण म्हणतो, पण इंग्लंडच्या माणसाला मटन म्हणजे मोठी मेंढी, आणि वर्षाच्या आतली असेल तर लॅम्ब. मुंबईत गिऱ्हाईक आपलंच असेल तर मटनच ठेवा, बदलायची काही गरज नाही, पण बाहेरचा माणूस वाचणार असेल तर गोट लिहा. बीफ, पोर्क, मटन यांना एस लागत नाही हेही लक्षात ठेवा, टू मटन्स नाही, टू प्लेट्स ऑफ मटन. काउंटरवर "दोन मटण एक चिकन" ओरडायला काही हरकत नाही, बिलावर छापताना नीट छापा.

माशांच्या बाबतीत तर मुंबईवाल्यांनी जास्त जपायला हवं, कारण आपली नावंच फसवी आहेत. हलवा फ्राय असं नुसतं लिहिलं तर परप्रांतातला माणूस गाजर हलव्याचा विचार करतो, ब्लॅक पॉम्फ्रेट लिहा. बोंबलाला बॉम्बे डक हे नाव जगभर आहे, पण त्यात बदक नाही हे मेन्यूत कुठे लिहिलेलं नसतं आणि ज्याला माशाची अ‍ॅलर्जी आहे त्याने बदक समजून मागवलं तर काय होईल याचा विचार करा, शेजारी फिश हा एक शब्द टाकायला पैसे पडत नाहीत. रावसाला इंडियन सॅमन म्हणतात पण तो सॅमन नाही, म्हणून रावस लिहून पुढे लोकल फिश लिहिलं तर ते प्रामाणिक होतं. मसल मसाला हा शब्द तर मी आजवर कितीतरी कार्डांवर दुरुस्त केलाय. शिंपल्यातल्या त्या प्रकाराचं नाव कानाला मसल असंच ऐकू येतं, पण लिहिताना एस-सी घातला की तो दंडाचा स्नायू होतो, डबल एस आणि शेवटी ई-एल पाहिजे. तसंच पक्ष्याचं फाउल डब्ल्यूने लिहितात, यूने लिहिलं तर घाण, सडका असा अर्थ होतो आणि फ्रेश फाउल अशी पाटी लागते. मीटला ई-ए, भेटण्याच्या मीटला डबल ई. मोबाइल असल्या चुकांखाली लाल रेघ मारत नाही, कारण शब्द म्हणून दोन्ही बरोबर असतात. कोळंबी अख्खी असली की प्रॉन्स, पण डिशच्या नावात प्रॉन करी, जसं एग करी. आणि ड्रमस्टिक लिहिताना प्लीज बघून लिहा, आपल्याकडे त्याचा पहिला अर्थ शेवग्याची शेंग आणि तिकडे कोंबडीची तंगडी, म्हणजे व्हेज खाणाऱ्याच्या दृष्टीने याच्याएवढा धोक्याचा शब्द दुसरा नसेल.

शाकाहारी लोकांचं तर याहून अवघड आहे, म्हणून त्यांच्यासाठीही लिहिते, मी स्वतः मासे खाणारी असले तरी. आमच्या शेजारच्या चाळीतले एक काका-काकू, दोघंही माळकरी, तुळशीची माळ घातल्यापासून ३० वर्षं अंड्यालासुद्धा शिवलेले नाहीत, मुलाकडे अमेरिकेला निघाले. तिकीट काढताना जेवणाच्या यादीत हिंदू मील होतं, देवाधर्माचं नाव आहे म्हणून त्यांनी तेच निवडलं. विमानातलं हिंदू मील हे सहसा नॉनव्हेज असतं, त्यात बीफ नसतं आणि सहसा पोर्कही नसतं एवढंच, चिकन, मासे, मटण काहीही येऊ शकतं. डबा उघडला तर चिकन. काकूंनी प्रवासभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, बॅगेतले लाडू होते ते सामानात गेलेले. ज्यांना आपलं शाकाहारी जेवण पाहिजे त्यांनी एशियन व्हेजिटेरियन मील निवडायचं, त्याचा कोड एव्हीएमएल, आणि हिंदू मीलचा एचएनएमएल. बीफ-पोर्क सोडून बाकी खाणाऱ्या माझ्या भाचीसारखीला हिंदू मीलच बरोबर. ही चार-चार अक्षरं आता मी दुकानाच्या काचेवर चिकटवून ठेवलीयेत.

आणि नुसतं व्हेजिटेरियन लिहून भागत नाही, तिकडचे बरेच व्हेजिटेरियन अंडं खातात, त्यामुळे नो मीट, नो फिश, नो एग्ज असं तिन्ही लिहायचं. नो मीट एवढंच लिहिलं तर मासा येऊ शकतो, कारण इंग्लिशमध्ये मीट म्हणताना बरेचदा मासे धरतच नाहीत. आपल्या वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींना हे बरोबर ठाऊक असतं, गुड फ्रायडेला मांस नाही पण मासे चालतात. दूध-तूपही नको असेल तर व्हेगन म्हणायचं, हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला. प्युअर व्हेजबद्दल माझं स्पष्ट मत आहे की ते लिहू नये. बाहेरच्याला त्यातलं प्युअर म्हणजे काय कळत नाही आणि इथल्याला जरा जास्तच कळतं, समोरचा मग इम्प्युअर झाला का? या शहरात मासे खातो म्हणून भाड्याचं घर नाकारलेली मुलं माझ्याकडे बायोडेटा टाइप करायला येतात, त्यांच्यासमोर मला तो शब्द टाइप करवत नाही. ओन्ली व्हेजिटेरियन लिहा, अर्थ पूर्ण पोचतो आणि कोणाला लागत नाही.

थोडं म्हणींबद्दल. एका गिऱ्हाइकाने ऑफिसच्या मेलमधलं बीफ अप सिक्युरिटी हे माझ्याकडून काढून घेतलं, साहेब शाकाहारी आहेत म्हणून. मी सांगून पाहिलं की बीफ अप म्हणजे बळकट करणं, पेपरवाले रोज लिहितात, खाण्याशी त्याचा संबंध उरलेला नाही. तरी त्याच्या मनात शंका होती म्हणून स्ट्रेंग्थन केलं, ते पण बरोबरच आहे. पण उलट बाजूने आय हॅव अ बीफ विथ हिम म्हणजे माझं त्याच्याशी वाजलंय असा अर्थ होतो, ते मात्र कोणी जेवणाच्या अर्थाने लिहू नये. मीटचा जुना अर्थ नुसतं अन्न असा होता, म्हणून तर वन मॅन्स मीट इज अनदर मॅन्स पॉइझन, आणि म्हणूनच मिठाईवाल्यांच्या जुन्या पाट्यांवर स्वीटमीट असतं, त्यात मांसाचा कण नाही. इंग्लंडात ख्रिसमसला जे मिन्समीट भरून पाय नावाचा गोड पदार्थ करतात त्यात मनुका, बेदाणे आणि मसाला असतो, खिमा पाहिजे असेल तर त्याला नुसतं मिन्स म्हणायचं. माझी भाची ब्लॅक पुडिंगच्या धसक्याने ख्रिसमसभर मिन्स पायला शिवली नाही. मी तरी सांगितलं की चरबी कसली वापरलीये ते पाकिटावर बघून घे, कारण जुन्या पद्धतीत गाईची चरबी घालतात. आणि स्वीटब्रेड दिसलं तर ते गोडही नाही आणि ब्रेडही नाही, वासराच्या नाहीतर कोकराच्या आतल्या ग्रंथी असतात त्या. हॅमबर्गरला हॅमचं नाव दिसतं पण ते हॅम्बुर्ग शहरावरून पडलंय आणि बाहेर त्यात सहसा बीफ असतं, पेपरोनीत पोर्क आणि बीफ.

आता तुमच्याकडे मागणं एवढंच आहे की पुरवणीत पुन्हा असे फोटो छापाल तेव्हा शेजारी बरोबर वाक्य काय ते पण छापा, अर्धा कॉलम पुरतो. आमच्याकडे येणारी खानावळवाली माणसं पहाटे उठून भाऊच्या धक्क्यावर जाऊन मासळी आणतात, त्यांच्या मालात खोट नसते, आणि इंग्लिश येत नाही म्हणून त्यांचा फोटो निघावा हे मला बरं वाटत नाही. त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे. मी दुकानात एका कागदावर ही वाक्यं टाइप करून ठेवलीयेत, मेन्यूकार्ड करायला येईल त्याला फुकट देते, तुम्हाला हवी असतील तर तीही पाठवते. कालच काळाचौकीच्या एका ताई जुनं कार्ड घेऊन आल्या, हलवा फ्रायपुढे ब्लॅक पॉम्फ्रेट आणि बोंबलापुढे फिश टाकून घेतलं, ५० प्रती काढल्या आणि जाता जाता म्हणाल्या, शेवग्याच्या आमटीचं पण बघून दे गं.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई